सिंधू संस्कृतीचे अन्नजीवन : नगरे लोपली, धान्य टिकले

कोणत्याही प्राचीन संस्कृतीचा इतिहास लिहिताना राजे, युद्धे, मंदिरे व शिल्पे यांना अग्रस्थान मिळते. ती माणसे रोज काय शिजवीत होती, कोणते पाणी पीत होती आणि पाऊस हुलकावणी देऊ लागला तेव्हा त्यांनी पोट कसे भरले, हे प्रश्न बहुधा शेवटच्या पानावर जातात. सिंधू संस्कृतीच्या बाबतीत मात्र हा क्रम उलटा करावा लागतो. तिची लिपी अद्याप निर्विवादपणे वाचली गेलेली नाही. तिच्या एकाही राजाचे नाव ज्ञात नाही. एखाद्या युद्धाची किंवा विजयाची नोंदही हाती लागलेली नाही. चुलीतील राख, जळलेले दाणे, पाटे-वरवंटे, खापरे, दात आणि हाडे एवढेच तिच्या दैनंदिन जीवनाचे साक्षीदार आहेत. परंतु हे साक्षीदार अत्यंत विश्वासार्ह आहेत.

१९२१ मध्ये दयाराम साहनी यांनी हडप्पा येथे आणि १९२२ मध्ये राखालदास बॅनर्जी यांनी मोहेंजोदडो येथे उत्खननास प्रारंभ केला. १९२४ मध्ये पुरातत्त्व खात्याचे प्रमुख जॉन मार्शल यांनी या शोधाची वार्ता जगाला दिली. त्या काळी संशोधकांचे लक्ष मुद्रा, मूर्ती आणि विटांच्या भव्य वास्तूंकडे होते. धान्याचा दाणा सहज दिसला तरच तो उचलला जाई. पुढे पद्धती बदलल्या. चुलीजवळची माती पाण्यात ढवळली की जळून कोळसा झालेले हलके दाणे वर तरंगतात आणि ते गाळून घेता येतात. खापराच्या छिद्रांत मुरलेली स्निग्ध द्रव्ये आणि दातांच्या किटणात अडकलेले पिष्टकण प्रयोगशाळेत ओळखता येतात. या साधनांमुळे चार-साडेचार हजार वर्षांपूर्वीच्या स्वयंपाकघराचे दार बरेचसे उघडले आहे.

मेहरगढ : जवापासून प्रारंभ

सिंधू नगरांचा वैभवकाळ सर्वसाधारणपणे इ.स.पू. २६०० ते १९०० असा मानला जातो. परंतु या नगरांना पोसणारी शेती त्याहून कित्येक सहस्रके जुनी आहे. बलुचिस्तानात बोलन खिंडीच्या पायथ्याशी मेहरगढ नावाचे स्थळ आहे. तेथे फ्रेंच पुरातत्त्वज्ञ झाँ-फ्रान्स्वा जारिज यांच्या नेतृत्वाखाली १९७४ पासून उत्खनन झाले. इ.स.पू. ७००० च्या सुमारास तेथील लोक जव व गहू पिकवीत होते. त्यांत जवाचे प्रमाण फार मोठे होते. आरंभी शिकारीवर बराच भर होता. पुढे पाळीव शेळ्यामेंढ्या आणि वशिंडाचे गोधन यांचे महत्त्व वाढत गेले. कच्च्या विटांच्या लहान लहान कप्प्यांच्या इमारतीही तेथे आढळल्या असून त्यांचा उपयोग धान्य साठविण्यासाठी होत असावा, असे मानले जाते.

साठवण ही वरवर साधी वाटणारी गोष्ट मानवी इतिहासातील मोठे वळण होय. ज्याच्याजवळ पुढील हंगामापर्यंत पुरेल एवढे धान्य आहे, तो एका जागी घर बांधू शकतो, विटा भाजू शकतो, मणी घडवू शकतो. मोहेंजोदडोचे सरळ रस्ते आणि तेथील गटारे यांच्या पायाखाली मेहरगढच्या शेतकऱ्याचा जव आहे.

नांगरलेले शेत आणि दोन हंगाम

राजस्थानात घग्गर नदीच्या कोरड्या पात्राजवळ कालीबंगा हे स्थळ आहे. १९६० ते १९६९ या काळात बी. बी. लाल व बी. के. थापर यांनी तेथे उत्खनन केले. गावाच्या तटाबाहेर त्यांना चक्क एक नांगरलेले शेत सापडले. ते नगरपूर्व काळातील, म्हणजे इ.स.पू. २८०० च्या आसपासचे आहे. त्यात नांगराचे तास एकमेकांना काटकोनात छेदतात. एका दिशेच्या तासांमधील अंतर सुमारे ३० सेंटिमीटर, तर दुसऱ्या दिशेच्या तासांमधील अंतर सुमारे १९० सेंटिमीटर आहे. उत्खनन चालू असताना त्याच परिसरातील शेतकरी याच रीतीने तास पाडून एका दिशेला कडधान्य आणि दुसऱ्या दिशेला मोहरी पेरीत असल्याचे संशोधकांना आढळले. जवळजवळ पाच हजार वर्षांचे अंतर असूनही शेताची आखणी तीच राहिली. हरियाणातील बनावली येथे मातीचा खेळण्यातला नांगरही मिळाला आहे, त्यामुळे त्या काळच्या नांगराचा आकारही कळतो.

एका शेतात दोन पिके घेण्याची ही दृष्टी सिंधू लोकांच्या एकूण शेतीत दिसून येते. हिवाळ्यात गहू, जव, मसूर, वाटाणा, हरभरा व जवस. पावसाळ्यात तीळ, मूग, उडीद, कुळीथ, वरी-राळ्यासारखी बारीक तृणधान्ये आणि काही भागांत भात. आजच्या भाषेत सांगावयाचे तर रब्बी आणि खरीप हे दोन्ही हंगाम त्यांना अवगत होते. अर्थात सर्वत्र एकच पीकपद्धती नव्हती. सिंधूच्या खोऱ्यात नदीच्या पुराने भिजलेल्या जमिनीवर हिवाळी गहू-जवाला प्राधान्य होते. सौराष्ट्रात पावसावरची तृणधान्ये महत्त्वाची होती. भादर नदीकाठच्या रोजडी येथील अवशेषांनी ही गोष्ट स्पष्ट केली. हरियाणाच्या मैदानात दोन्ही हंगामांची पिके शेजारी शेजारी नांदत होती. तेथील मसूदपूर परिसरात तिसऱ्या सहस्रकाच्या उत्तरार्धात भात, मूग, उडीद, कुळीथ आणि तृणधान्ये घेतली जात होती, हे केंब्रिज विद्यापीठ व बनारस हिंदू विद्यापीठ यांच्या संशोधकांनी दाखवून दिले आहे. गुजरातेतील लोथल येथे मातीच्या वस्तूंत भाताच्या तुसाचे ठसे मिळाले आहेत.

म्हणजे ‘सिंधू संस्कृतीचे धान्य कोणते?’ या प्रश्नाला एका शब्दात उत्तर देता येत नाही. तिचे सामर्थ्य एका धान्यात नव्हते. ते अनेक धान्यांत होते. पुढील इतिहास समजून घेताना ही गोष्ट विशेष महत्त्वाची ठरते.

चूल, पाटा आणि ताटली

सिंधू काळच्या घरांत अंगणाभोवती खोल्या असत. अंगणात अथवा एखाद्या खोलीत चुली आढळतात. कालीबंगा येथे तंदूरसदृश भट्ट्याही मिळाल्या आहेत. दाणा दळण्यासाठी खोलगट दगडी पाटे आणि वरवंटे वापरीत. दोन तळ्यांचे फिरते जाते भारतात फार पुढच्या काळात आले. तोवर कुटुंबाच्या पिठाचा प्रत्येक घास गुडघ्यावर बसून, दगडावर दगड घासून सिद्ध होत असे. या श्रमांची नोंद कोणत्याही मुद्रेवर नाही. ती झिजलेल्या पाट्यांवर आहे.

शिजविण्यासाठी मातीची हंडी, साठवणीसाठी मोठे रांजण, वाढण्यासाठी ताटल्या आणि उंच बैठकीवरच्या थाळ्या अशी भांड्यांची विभागणी दिसते. तांब्याचीही भांडी होती, परंतु ती थोडी. मोहेंजोदडो व हडप्पा येथे निमुळत्या बुडाचे मातीचे लहान पेले प्रचंड संख्येने सापडले आहेत. ते एकदा वापरून टाकून दिले जात असावेत, असे अनेक अभ्यासकांना वाटते. उत्तर भारतातील कुल्हडाची आठवण यामुळे साहजिकच होते.

मसाल्यांविषयीचा पुरावा तर विशेष उल्लेखनीय आहे. हरियाणातील फरमाणा येथे पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे प्रा. वसंत शिंदे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उत्खनन केले. तेथील भांडी, दगडी अवजारे व मानवी दात यांच्यावरील पिष्टकणांचा अभ्यास अरुणिमा कश्यप आणि स्टीव्ह वेबर यांनी केला. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या या संशोधनात हळद, आले आणि वांगे यांचे अंश ओळखण्यात आले. हळदीचा पिवळा हात लागलेले स्वयंपाकघर चार हजार वर्षांहून जुने आहे, ही गोष्ट लिखित ग्रंथांवरून कधीच कळली नसती.

असाच दुसरा शोध राजस्थानातील बिंजोरचा होय. अनूपगढजवळील या स्थळी २०१७ च्या उत्खननात सारख्या आकाराचे सात तपकिरी गोळे मिळाले. त्यांच्यासोबत बैलाच्या दोन मूर्ती आणि तांब्याचे एक अवजार होते. प्रथमदर्शनी हे गोळे कशाचे आहेत ते समजेना. लखनौच्या बीरबल साहनी पुराविज्ञान संस्थेत त्यांची तपासणी झाली. जव, गहू, हरभरा, तेलबिया आणि मोठ्या प्रमाणात मूग यांच्या मिश्रणाचे ते गोळे होते. २०२१ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. त्यांचा काळ इ.स.पू. २६०० च्या सुमाराचा असून ते एखाद्या विधीसाठी केले असावेत, असे संशोधकांचे मत आहे. धान्य व डाळ दळून, मळून, वळून केलेल्या या पदार्थाला भारतीय माणूस ‘लाडू’ याखेरीज दुसरे नाव देऊ शकणार नाही. आनंदाच्या वा श्रद्धेच्या प्रसंगी अन्नाला गोल आकार देण्याची ही रीत किती दूरवर जाते, हे यावरून ध्यानात येते.

पाणी आणि दूध

खाण्याइतकाच पिण्याचा प्रश्नही नगरजीवनात निर्णायक असतो. मोहेंजोदडो येथील जलव्यवस्थेचा अभ्यास करणारे जर्मन संशोधक मायकेल यान्सेन यांच्या अंदाजानुसार त्या नगरात सुमारे ७०० विहिरी होत्या. पाचरीच्या आकाराच्या खास विटा वर्तुळात रचून त्या बांधलेल्या होत्या. अनेक घरांना स्वतःची विहीर होती. दूरवरच्या नदीवरून डोक्यावर घागरी वाहून आणण्याऐवजी घराच्या अंगणातच पाणी मिळणे, ही त्या काळी जगात दुर्मीळ असलेली सोय होती. सांडपाण्याची गटारेही विटांची व बऱ्याच ठिकाणी झाकलेली होती. पिण्याचे पाणी आणि सांडपाणी वेगळे ठेवण्याचा विचार त्यामागे दिसतो.

कच्छमधील धोलावीराची परिस्थिती निराळी होती. तेथे बारमाही नदी नव्हती. मनसर आणि मनहर या दोन पावसाळी प्रवाहांचे पाणी बांध घालून वळविण्यात आले आणि दगडी बांधणीच्या व खडकात खोदलेल्या विशाल जलाशयांत साठविण्यात आले. १९९० पासून आर. एस. बिश्त यांच्या मार्गदर्शनाखाली झालेल्या उत्खननातून ही रचना उजेडात आली. २०२१ मध्ये युनेस्कोने धोलावीराचा जागतिक वारसा स्थळांत समावेश केला. पावसाचा थेंब वाया न घालविणे हा तेथील नगररचनेचा मूलाधार होता.

दुधाचा पुरावाही आता हाती आला आहे. कच्छमधील कोटडा भडली या लहानशा वस्तीतील ५९ खापरांचे रासायनिक परीक्षण कल्याण शेखर चक्रवर्ती आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केले. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासानुसार इ.स.पू. २५०० च्या सुमारास तेथील भांड्यांत दूध अथवा दुग्धजन्य पदार्थ हाताळले जात होते. तेथील जनावरांत गायी-म्हशींचे महत्त्व मोठे होते. मुद्रांवर दिमाखाने उभा असलेला बैल शेतात नांगर आणि रस्त्यावर गाडी ओढीत होता; त्याच गोधनातील गाय घरात दूध देत होती.

कोठाराचा प्रश्न

शालेय पुस्तकांतून सिंधू संस्कृतीची ‘धान्यकोठारे’ पिढ्यान्‌पिढ्या शिकविली गेली. हडप्पा व मोहेंजोदडो येथील दोन विशाल वास्तूंना मॉर्टिमर व्हीलर यांच्या काळात या नावाने मोठी प्रसिद्धी मिळाली. व्हीलर यांनी १९४६ मध्ये हडप्पा आणि १९५० मध्ये मोहेंजोदडो येथे उत्खनन केले होते. राज्यसत्ता शेतकऱ्यांकडून धान्य गोळा करून तेथे साठवीत असावी, अशी त्यांची कल्पना होती. पुढील संशोधकांनी मात्र एक साधा प्रश्न विचारला : कोठार असेल, तर धान्य कोठे आहे? या वास्तूंत साठविलेल्या धान्याचे वा मोठ्या रांजणांचे समाधानकारक अवशेष मिळालेले नाहीत. त्यामुळे जोनाथन मार्क केनॉयर यांच्यासारख्या अभ्यासकांनी त्यांना कोठार म्हणण्यास हरकत घेतली आहे.

याउलट घरोघरी साठवणीचे रांजण आणि खळगे मात्र दिसतात. समकालीन मेसोपोटेमियात मंदिरांच्या व राजवाड्यांच्या कोठारांतून कामकऱ्यांना जव मोजून दिला जाई आणि त्याचा हिशोब मातीच्या पाट्यांवर लिहिला जाई. उर येथील प्रसिद्ध चित्रफलकावर राजाची मेजवानीही दाखविलेली आहे. सिंधू संस्कृतीत राजाच्या मेजवानीचे चित्र आढळत नाही. यावरून तेथे सर्वजण समान होते असा निष्कर्ष काढणे घाईचे ठरेल. तथापि तेथील अन्नव्यवस्थेत कुटुंबाचे स्थान फार मोठे होते, एवढे निश्चित म्हणता येते. वर्षाचे धान्य भरून ठेवणे ही सत्तेची कृपा नव्हती. ती गृहस्थाची जबाबदारी होती.

मांसाहारासंबंधी पुरावा

या विषयाची एक बाजू टाळून पुढे जाणे इतिहासाशी प्रामाणिक होणार नाही. सिंधू काळातील लोक मांस व मासे खात होते, याचा पुरावा निःसंदिग्ध आहे. गायीगुरे, म्हशी, शेळ्यामेंढ्या, डुकरे व वन्य प्राणी यांची कापल्याच्या खुणा असलेली हाडे अनेक स्थळी मिळाली आहेत. समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर असलेल्या हडप्पा येथेही सागरी माशांची हाडे आढळली. ते मासे वाळवून आणले जात असावेत. हरियाणा व उत्तर प्रदेशातील स्थळांच्या खापरांतील स्निग्ध अंशांचा अभ्यास अक्षयता सूर्यनारायण व त्यांच्या सहकाऱ्यांनी केला. त्यातही प्राणिज चरबीचे प्रमाण लक्षणीय असल्याचे २०२० मध्ये दिसून आले.

वस्तुस्थिती नाकारल्याने कोणत्याही मूल्याची प्रतिष्ठा वाढत नाही. आहार हा केवळ उपलब्धतेचा विषय न राहता विवेकाचा व आचाराचा विषय बनला, याची स्पष्ट लिखित साक्ष मिळते ती पुढील काळातील श्रमण परंपरेच्या साहित्यात. अहिंसेचा आहारनियम हा पूर्वजांच्या सवयीतून आपोआप आलेला नाही. तो विचारपूर्वक स्वीकारलेला नियम आहे. त्याचे मोल यामुळे कमी न होता वाढते.

त्याचबरोबर दुसरी गोष्टही तितकीच खरी आहे. अन्नाचा मुख्य भार धान्ये व कडधान्ये यांच्यावर होता. धान्यासोबत डाळ, तेलासाठी तीळ व जवस, जोडीला दूध, चवीला हळद व आले, फळांत बोर व खजूर अशी विविध सामग्री सिंधू काळातच भारतीय शेतकऱ्याच्या हाती आली होती. धान्य आणि डाळ एकत्र आल्याने शरीराला लागणारी प्रथिने परस्परांस पूरक होतात, हे आधुनिक आहारशास्त्र सांगते. पुढे कित्येक शतकांनी मांसाविना निरोगी जीवन जगण्याचा मार्ग ज्या समाजांनी निवडला, त्यांच्यासाठी ही शिदोरी शेतकऱ्यांनी हजारो वर्षे आधीच बांधून ठेवली होती.

पाऊस कमी झाला तेव्हा

इ.स.पू. २२०० च्या सुमारास जगाच्या अनेक भागांत कोरडे दिवस आले. मेघालयातील मॉमलुह गुहेतील चुनखडीच्या स्तंभात या बदलाची नोंद स्पष्ट मिळते. तिच्या आधारे २०१८ मध्ये भूगर्भशास्त्रज्ञांनी पृथ्वीच्या इतिहासातील अगदी अलीकडच्या कालखंडाला ‘मेघालयन’ असे नाव दिले. हरियाणातील कोटला डहर या प्राचीन तलावाच्या गाळाचा अभ्यासही तेच सांगतो : सुमारे ४,१०० वर्षांपूर्वी तेथील पावसाळी पर्जन्यमान एकाएकी घटले.

त्यानंतरच्या दोन-तीन शतकांत मोठी नगरे क्षीण होत गेली. मोहेंजोदडोच्या रस्त्यांवर वेडीवाकडी घरे उभी राहिली, गटारांची निगा सुटली, मुद्रा व वजने यांचा वापर मागे पडला. इ.स.पू. १९०० नंतर नगरजीवन बहुतांशी ओसरले. याचे एकच कारण सांगता येत नाही. नद्यांचे बदललेले प्रवाह, मंदावलेला दूरदेशीचा व्यापार आणि रोगराई यांचाही त्यात वाटा असावा. पण माणसे नष्ट झाली नाहीत. ती पूर्वेकडे गंगा-यमुनेच्या दिशेने आणि दक्षिणेकडे सौराष्ट्रात लहान लहान गावांतून वसली.

या स्थित्यंतरात अनेक धान्यांची जुनी सवय उपयोगी पडली. गव्हाला पाणी पुरेना, तेथे कमी पाण्यावर तग धरणारा जव आणि पावसाळी तृणधान्ये पुढे आली. गंगेच्या बाजूला भाताने जोर धरला. मेहरगढपासून जवळच असलेल्या पिरक या स्थळी इ.स.पू. १८०० नंतरच्या थरांत भात व तृणधान्ये दिसतात. ज्या मैदानात जवाने प्रारंभ झाला होता, तेथेही खरिपाने पाय रोवले. ज्वारी, बाजरी व नाचणी ही मूळची आफ्रिकेची धान्ये. इ.स.पू. दुसऱ्या सहस्रकात ती भारतीय शेतांत रुजू लागली. ज्या भाकरीला महाराष्ट्र आपली ओळख मानतो, तिचे धान्य समुद्रापलीकडून आले. येथील शेतकऱ्याने त्या परक्या दाण्याला नाकारले नाही, म्हणूनच ते आज येथले झाले आहे.

प्रवरा आणि घोड नदीकाठी

सिंधू संस्कृतीची अखेरची पावले महाराष्ट्रातही उमटली आहेत. अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यात प्रवरेच्या काठी दायमाबाद येथे उत्तर हडप्पा काळाचा थर सापडला. तेथे १९७४ मध्ये मिळालेली हत्ती, गेंडा, रेडा आणि रथ हाकणारा पुरुष ही कांस्यशिल्पे सर्वश्रुत आहेत.

शेतीवर जगणाऱ्या तत्कालीन महाराष्ट्रीय गावाचे सर्वांत सविस्तर चित्र मात्र पुणे जिल्ह्यातील शिरूर तालुक्यात, घोड नदीकाठच्या इनामगाव येथे मिळते. ही वस्ती सिंधू संस्कृतीची नव्हे, तर तिच्यानंतरच्या ताम्रपाषाणयुगीन शेतकऱ्यांची होय. डेक्कन कॉलेजच्या वतीने हसमुख सांकलिया, झैनुद्दीन अन्सारी आणि मधुकर ढवळीकर यांनी १९६८ ते १९८३ या काळात तेथे उत्खनन केले. इ.स.पू. १६०० ते ७०० या काळात तेथे जव हे मुख्य पीक होते. गहू, मसूर, कुळीथ, वाटाणा व लाख हीही पिके होती. पुराचे पाणी वळविण्यासाठी बांध आणि कालवा होता. गावप्रमुखाच्या पाच खोल्यांच्या घराशेजारीच धान्याचे कोठार होते. येथे मात्र कोठाराचे स्थान आणि सत्तेचे स्थान एकमेकांना लागून होते.

इ.स.पू. १००० च्या सुमारास तेथेही दिवस पालटले. प्रशस्त चौकोनी घरांच्या जागी लहान गोल झोपड्या आल्या, गव्हाची शेती घटली, शिकार व पशुपालन यांवर भर वाढला. या हलाखीची खरी किंमत कोणी मोजली, हे इनामगावच्या दफनांवरून समजते. तेथील दोनशेहून अधिक दफनांत बहुसंख्य लहान मुलांची आहेत. दोन मडकी तोंडाला तोंड लावून त्यांत बालकाला ठेवीत आणि घराच्या जमिनीखालीच पुरीत. शेजारी लहान भांडी ठेवीत. उत्तरकाळातील बालकांच्या अस्थींत वाढ खुंटल्याच्या व कुपोषणाच्या खुणा अभ्यासकांना आढळल्या आहेत. जी माता स्वतःच्या घराच्या जमिनीखाली लेकराजवळ वाटी ठेवीत होती, तिला पर्जन्यमानाचे आकडे ठाऊक नव्हते. परंतु त्या आकड्यांचा अर्थ तिच्याइतका कोणालाही कळला नसेल. अन्नाचा इतिहास हा केवळ पाककृतींचा इतिहास नाही, याची जाणीव या मडक्यांपाशी होते.

समारोप

सिंधूची नगरे मातीखाली गेली. तिची लिपी मूक झाली, मुद्रा विसरल्या गेल्या, सरळ आखलेले रस्ते शेतांखाली लुप्त झाले. जवळजवळ चार हजार वर्षे या संस्कृतीचे नावदेखील कोणाला ठाऊक नव्हते. परंतु तिने जोपासलेले मूग, मसूर, उडीद, कुळीथ, तीळ, जव, हळद आणि आले यांचा वापर एक दिवसही थांबला नाही. ज्यांनी हडप्पाचे नावही ऐकले नव्हते, अशा असंख्य गृहिणींनी आणि शेतकऱ्यांनी हा वारसा एका हंगामाकडून दुसऱ्या हंगामाकडे, मूठमूठ बियाण्याच्या रूपाने पोहोचविला.

संक्रांतीचा तीळ, सणाचा लाडू, कुळथाचे पिठले, मुगाची खिचडी यांत हा इतिहास आजही नांदतो आहे. संयुक्त राष्ट्रसंघाने २०२३ हे वर्ष आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष म्हणून साजरे केले. ज्या वरी, राळा, नाचणी व बाजरी या धान्यांना मधल्या काळात ‘गरिबांचे अन्न’ म्हणून बाजूला सारले गेले, त्यांकडे जग पुन्हा आदराने पाहू लागले आहे. पाऊस पूर्वीसारखा भरवशाचा राहिलेला नाही, अशा आजच्या काळात जुन्या शेतकऱ्यांचा अनुभव मोलाचा ठरतो : एकाच धान्यावर सर्व भिस्त ठेवू नये, पाण्याचा थेंब जपावा, घरात पुढच्या हंगामाचे बियाणे राखून ठेवावे.

घरच्या डब्यातील मूठभर मूग हाती घेतले, तर बिंजोरच्या त्या सात लाडवांतील मूग आणि हे मूग यांच्यामध्ये सुमारे साडेचार हजार पावसाळे आहेत. त्यांतील कित्येक कोरडे गेले. तरीही दर वर्षी कोणीतरी उपाशीपोटी राहूनही बियाण्याची मूठ बाजूला काढून ठेवली, म्हणून ते मूग आज या डब्यात आहेत.